वत्सगुल्म (वाशिम) : साहित्यातील व प्रवासवृत्तांतांतील नगर

वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी व प्राचीन विदर्भातील प्रसिद्ध नगर. महाराष्ट्र राज्यातील वाशिम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले वाशिम शहर म्हणजेच हे नगर होय. ते अकोल्याच्या दक्षिणेस सु. ८० किमी. अंतरावर, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारी भागात वसले आहे. चौथ्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान कामशास्त्र, ज्योतिष व साहित्यशास्त्र या तीन भिन्न शास्त्रांच्या ग्रंथांत या नगराचे उल्लेख आले. मध्ययुगात यात्रेकरूंचे लक्ष परिसरातील शिरपूर व कारंजा या स्थळांकडे वळले, तर एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी येथील मंदिरे व तलाव यांच्या नोंदी केल्या. तथापि प्राचीन ग्रंथांनी ज्या नगराचा गौरव केला, त्या काळातील म्हणता येईल अशी एकही वास्तू आज वाशिम येथे उभी नाही. आणि ज्या वास्तू पाहण्यासाठी प्रवासी येतात, त्यांपैकी प्रमुख वास्तू राजधानीच्या वैभवकाळानंतर बाराशेहून अधिक वर्षांनी बांधल्या गेल्या. या अंतरामुळे वाशिमचा इतिहास पाहताना साहित्य, आख्यायिका, अभिलेख व वास्तू यांची साक्ष वेगवेगळी तोलून घ्यावी लागते.

नाव व आख्यायिका : वत्सगुल्म या संस्कृत नावाचे प्राकृत रूप ‘वच्छोम’ असे होते. त्यापासून क्रमाने बाशिम, वाशिम ही रूपे प्रचारात आली. मुसलमानी अंमलातील कागदपत्रांत व इंग्रजी अमदानीतील नकाशांत ‘बाशिम’ वा ‘बासिम’ असे लेखन आढळते. नावाच्या उत्पत्तीविषयी दोन परंपरा आहेत. स्थानिक माहात्म्यानुसार वत्स ऋषींच्या तपश्चर्येमुळे या क्षेत्रास हे नाव मिळाले. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत मात्र वेगळी माहिती येते : दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र बंधू होते व त्यांनी वसविलेल्या प्रदेशास वत्सगुल्मक म्हणत, असे टीकाकार सांगतो. पहिल्या परंपरेचे मूळ तीर्थमाहात्म्यात आहे, तर दुसरी शब्दाची फोड करून रचलेली दिसते. ऐतिहासिक पुरावा म्हणून दोहोंपैकी एकीचाही स्वीकार करता येत नाही. महाभारताच्या वनपर्वात शोण व नर्मदा या नद्यांच्या उगमापाशी ‘वंशगुल्म’ नावाचे तीर्थ सांगितले आहे. नामसादृश्यामुळे त्याचा वाशिमशी संबंध जोडला जाण्याचा संभव असला, तरी या नद्यांचे उगम वाशिमपासून फार दूर आहेत.

वाकाटकांची राजधानी : पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांचे राज्य विभागले गेले. ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन (सध्याचे नगरधन, नागपूर जिल्हा) व पुढे प्रवरपूर येथून राज्य करू लागली. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने सु. ३३० मध्ये वत्सगुल्म येथे दुसऱ्या शाखेची स्थापना केली. या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व विसाव्या शतकापर्यंत इतिहासकारांना ज्ञात नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे. परंतु तो लेख बराच झिजलेला असल्याने एकोणिसाव्या शतकात ब्यूलर याने त्यातील एक नाव ‘रुद्रसेन’ असे वाचले आणि हे सर्व राजे एकाच शाखेचे मानले गेले.

१९३९ मध्ये वाशिम येथे सापडलेल्या ताम्रपटाने ही समजूत बदलली. तो वत्सगुल्म येथून दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्यवर्षाच्या ३७ व्या वर्षी दिलेला आहे. नांदीकट (नांदेड) विभागातील आकाशपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. लेखातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक तपशील प्राकृतात आहे. विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा पुत्र व पहिल्या प्रवरसेनाचा नातू असल्याचे त्यावरून स्पष्ट झाले. या आधाराने वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाचे फेरवाचन केले व ‘रुद्रसेन’ या जागी ‘सर्वसेन’ हा पाठ निश्चित केला. एका छोट्या गावच्या दानपत्रामुळे एक विस्मृत राजशाखा प्रकाशात आली, ज्ञात असलेल्या मोठ्या शिलालेखाचा अर्थ बदलला आणि साहित्यात नावापुरते उरलेले वत्सगुल्म ही एका राज्याची राजधानी होती, हे सिद्ध झाले.

सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याने रचलेले हरिविजय हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. तथापि आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकाराने त्याची प्रशंसा केल्यामुळे त्याची योग्यता कळते. या शाखेतील देवसेन राजाच्या कारकिर्दीतील एक शिलालेख वाशिमजवळील हिस्से बोराळा येथे मिळाला. त्यात देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचा जलाशय बांधविल्याचा उल्लेख असून शक ३८० (इ. स. ४५८) हे वर्ष नोंदलेले आहे. वाकाटक राजे आपल्या लेखांत केवळ राज्यवर्षे देत असल्याने, त्यांचा कालक्रम ठरविताना या लेखाचे महत्त्व विशेष आहे. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळात बांधलेल्या प्रसिद्ध जलाशयाचेही नाव सुदर्शन असेच होते.

देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या काळी हे राज्य सत्तेच्या शिखरावर पोहोचले. मिराशी त्याचा काळ सु. ४७५–५०० मानतात, तर वॉल्टर स्पिंक यांच्या मते तो सु. ४६०–४७७ असा आहे. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. सतराव्या लेण्यातील लेखातही हरिषेणाच्या राज्याचा उल्लेख आहे. हरिषेणानंतर ही शाखा लवकरच लयास गेली.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख : (१) वात्स्यायनाच्या कामसूत्रात निरनिराळ्या देशांतील राजांच्या अंतःपुरांतील चालीरीती सांगताना वत्सगुल्मकांचा निर्देश येतो. हा निर्देश गौरवपर नाही. तथापि आंध्र, विदर्भ, अपरांत व सुराष्ट्र यांसारख्या प्रदेशांबरोबर या नगराचे नाव यावे, यावरून तेथील राजदरबाराची वार्ता दूरवर पोहोचली होती, असे दिसते.

(२) सातव्या शतकातील ज्योतिषी पहिला भास्कर याने महाभास्करीय या ग्रंथात मध्यरेषेवरील स्थळांची यादी दिली आहे. लंका, अवंती (उज्जयिनी), स्थानेश्वर व मेरू यांच्या मालिकेत त्याने वत्सगुल्मचा समावेश केला असून त्याला धनसंपन्न नगर म्हटले आहे. ग्रहगणितासाठी इतर स्थळांचे पूर्व-पश्चिम अंतर याच रेषेपासून मोजीत. प्रत्यक्षात वाशिमचे रेखावृत्त सु. ७७° ०८’ पूर्व आणि उज्जैनचे सु. ७५° ४७’ पूर्व आहे. म्हणजे वाशिम मध्यरेषेच्या सव्वा अंशाहून अधिक पूर्वेस येते. त्या काळी दोन स्थळांच्या रेखांशांतील भेद काढण्याचे मुख्य साधन म्हणजे एकाच चंद्रग्रहणाच्या दोन्ही ठिकाणी नोंदलेल्या वेळांतील फरक. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने हा भेद सु. साडेपाच मिनिटांचा, म्हणजे १३ ते १४ पळांचा होतो. घटिकापात्राने वेळ मोजणाऱ्यांच्या निरीक्षणात एवढा फरक पडणे अस्वाभाविक नाही. यादीचे खरे महत्त्व निराळे आहे. वाकाटकांची सत्ता संपून शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही वत्सगुल्म हे दिशा व अंतर सांगण्यासाठी उपयोगी पडेल इतके परिचित ठिकाण होते, असे तिच्यावरून म्हणता येते. याच शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग मात्र आपल्या वृत्तांतात वत्सगुल्मचे नाव घेत नाही.

(३) राजशेखराच्या काव्यमीमांसेतील (सु. ९००) उल्लेख सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात सरस्वतीपुत्र काव्यपुरुष रागावून निघून जातो. त्याला प्रेमबंधनात अडकविण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधूला निर्माण करते व ती त्याच्यामागून देशोदेशी फिरते. पूर्वेस गौडी, पांचाल देशात पांचाली अशा रीती या प्रवासात निर्माण होतात. शेवटी दक्षिणेत वैदर्भी रीती प्रकट होते आणि विदर्भातील वत्सगुल्म या नगरात दोघांचा विवाह होतो. हे नगर मदनाचे क्रीडास्थान असल्याचे राजशेखर सांगतो. त्याच्याच कर्पूरमंजरी या प्राकृत नाटकात दक्षिणापथातील वच्छोम नगराचा निर्देश असून वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ असे नाव दिले आहे.

हे वर्णन प्रवाशाने डोळ्यांनी पाहून केलेले नाही. राजशेखराचे घराणे महाराष्ट्राशी संबंधित असले, तरी त्याचे कर्तृत्व कनौज व त्रिपुरी येथील दरबारांत बहरले. हरिषेणानंतर चारशे वर्षांनी तो लिहीत होता. वत्सगुल्मची लोकसंख्या, रस्ते, बाजार वा देवळे यांविषयी त्याच्याकडून काहीच समजत नाही. सर्वसेनासारखे राजकवी आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेली प्राकृत काव्याची परंपरा यांमुळे नगराचे नाव एका काव्यरीतीशी जोडले गेले व राज्य नष्ट झाल्यावरही ते पंडितवर्गाच्या स्मरणात टिकले, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. आणि वाङ्‌मयाच्या इतिहासात तो लहान नाही.

मध्ययुगीन वृत्तांत : यादवकाळापासून पुढे प्रवाशांच्या लेखनात वाशिमपेक्षा आसपासची दोन स्थळे अधिक ठळकपणे येतात. पहिले मालेगाव तालुक्यातील शिरपूर. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती अधांतरी असल्याची श्रद्धा जैन समाजात फार जुनी आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरीने आपल्या विविधतीर्थकल्प या ग्रंथात या तीर्थाचा स्वतंत्र कल्प लिहिला. मूर्ती व भूमी यांतील अंतर पूर्वी मोठे होते व कालांतराने कमी झाले, हा आशय या तीर्थाच्या कथांत येतो. दिगंबर व श्वेतांबर हे दोन्ही पंथ या तीर्थास आपले मानतात. पूजेच्या हक्कासंबंधीचा त्यांचा वाद १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता.

दुसरे स्थळ कारंजा (लाड). ‘बीबीचे कारंजे’ या नावानेही ते ओळखले जाई. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्रात श्रीनृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून करंजनगराचे वर्णन येते. काशी व इतर तीर्थे करून ते आईवडिलांच्या भेटीसाठी येथे परतल्याची कथाही त्यात आहे. लाड व बघेरवाल व्यापाऱ्यांमुळे कारंजा हे वऱ्हाडातील संपन्न बाजारपेठेचे गाव बनले होते. त्या संपत्तीची ख्याती एवढी होती, की सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० च्या अखेरीस मराठी सैन्याने वऱ्हाडात शिरून कारंजावर छापा घातला व मोठी लूट नेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जैन मुनी शीलविजय याने आपल्या तीर्थमाला या प्रवासकाव्यात कारंजा येथील धनिक संघपतीचा दानधर्म व धर्मनिष्ठा यांची वाखाणणी केली आहे. तीर्थयात्री मुनी आणि स्वारीवर आलेले सैन्य यांचे हेतू सर्वस्वी भिन्न होते. तथापि गावच्या संपन्नतेविषयी दोघांची साक्ष जुळते.

वाशिमची नोंद या काळात शासकीय कागदांत सापडते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर बाशिम ही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होती. आइन-इ-अकबरीत या परिसरातील हटकर जमातीच्या लढाऊ व स्वाभिमानी वृत्तीचा आणि तिच्या फौजेचा उल्लेख आहे. राजशेखराचे मदनक्रीडेचे नगर अबुल फज्लच्या ग्रंथात महसूल व बंदोबस्ताचे ठाणे म्हणून येते. सहा-सातशे वर्षांत नगराचे स्वरूप पालटले होते. शिवाय लिहिणाऱ्यांचे प्रयोजनही बदलले होते.

इंग्रजी अमदानीतील नोंदी : १८५३ च्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. वाशिम हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला. ॲल्फ्रेड लायल याने संपादिलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटिअरमध्ये (१८७०) व पुढे अकोला जिल्हा गॅझेटिअरमध्ये (१९१०) येथील स्थळांची माहिती संकलित झाली. हेन्री कझेन्झ याने मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. दक्षिणेतील मध्ययुगीन मंदिरांवरील त्याच्या १९३१ च्या ग्रंथात शिरपूरच्या मंदिराचे सचित्र विवेचन आहे. या अधिकाऱ्यांनी तलाव व मंदिरे पाहून त्यांचे वर्णन केले आणि गावकऱ्यांकडून ऐकलेल्या कथाही टिपून ठेवल्या. त्यामुळे अनेक आख्यायिका प्रथमच छापल्या गेल्या. मात्र ताम्रपट उजेडात आलेला नसल्याने आपण एका प्राचीन राजधानीच्या भूमीवर उभे आहोत, याची जाणीव त्यांच्या लेखनात दिसत नाही.

प्रमुख वास्तू : वाशिममधील सर्वांत प्रसिद्ध वास्तू बालाजी मंदिर ही होय. नागपूरकर भोसले घराण्यातील साबाजी भोसले यांचा कारभारी भवानी काळू याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधविले. परचक्राच्या भयाने जमिनीत पुरून ठेवलेल्या मूर्ती पुढे सापडल्या व त्यांच्यासाठी मंदिर उभारले गेले, अशी परंपरा आहे. देव तलाव या नावाने ओळखले जाणारे दगडी बांधणीचे तळेही भवानी काळूच्याच नावाशी निगडित आहे. पद्मतीर्थ हे शहरातील मुख्य तीर्थ. वासुकी नावाच्या राजाचा त्वचारोग येथील स्नानाने बरा झाला व त्याने हे कुंड वाढविले, असे सांगतात. वाशिम क्षेत्रात १०८ तीर्थे होती, अशीही समजूत आहे. मध्यमेश्वर मंदिराच्या नावाचा संबंध स्थानिक परंपरा मध्यरेषेशी जोडते. ज्योतिषग्रंथातील स्थान लोकस्मृतीत कसे उतरते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

शिरपूर येथे गावाबाहेरचे जुने दगडी मंदिर व गावातील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर अशी दोन मंदिरे आहेत. पहिले हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादवकालीन शैलीच्या परंपरेतील असून त्यावरील कोरीव काम उल्लेखनीय आहे. कारंजा येथे जुन्या वेशी, ऋषी तलाव, श्रीनृसिंह सरस्वतींचे मंदिर आणि सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन दिगंबर परंपरांची मंदिरे आहेत. ‘कस्तुरीची हवेली’ या वास्तूविषयी अशी आख्यायिका आहे, की एका व्यापाऱ्याने विक्रीस आलेली सर्व कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात मिसळली. कारंजाचा सर्वांत मोलाचा ठेवा मात्र जैन मंदिरांतील हस्तलिखितांचा आहे. येथील भांडारांमुळे पुष्पदंताच्या जसहरचरिउ (१९३१) व णायकुमारचरिउ (१९३३) यांसारख्या अपभ्रंश काव्यांच्या संशोधित आवृत्त्या प्रसिद्ध होऊ शकल्या. त्या अनुक्रमे प. ल. वैद्य व हिरालाल जैन यांनी संपादिल्या. हरिविजय काव्य लुप्त झालेल्या प्रदेशात दुसऱ्या एका राजवटीच्या आश्रयाने झालेल्या काव्यरचना व्यापाऱ्यांच्या मंदिरांत सुरक्षित राहिल्या, ही बाब लक्षणीय आहे.

मंगरूळपीर येथील हयात कलंदर यांचा दर्गा आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ ही जिल्ह्यातील इतर प्रसिद्ध स्थळे होत.

मूल्यमापन : वाशिमविषयीच्या साधनांपैकी प्रत्येकाची मर्यादा निराळी आहे. साहित्यातील उल्लेख कीर्ती सांगतात, रूप सांगत नाहीत. यात्रावृत्तांत श्रद्धा व दानधर्म टिपतात. राज्यव्यवस्थेविषयी ते मूक आहेत. गॅझेटिअरमध्ये वास्तू आढळतात, पण राजधानी आढळत नाही. ताम्रपट व शिलालेख राजांची नावे, वर्षे व दाने देतात. परंतु राजवाडा कोठे होता, तटबंदी किती विस्तृत होती, हे त्यांतून समजत नाही. ज्येष्ठ शाखेच्या नंदिवर्धन या राजधानीच्या जागी, नगरधन येथे, एकविसाव्या शतकात झालेल्या उत्खननात प्रभावती गुप्ता हिची मातीची मुद्रा व वसाहतीचे अवशेष मिळाले. वाशिम येथे मात्र जुन्या नगराच्या थरांवर आजची दाट वस्ती उभी आहे.

वत्सगुल्म शाखेच्या वैभवाची दृश्य साक्ष तिच्या राजधानीपासून दूर, अजिंठ्याच्या लेण्यांत आढळते. वराहदेवाचे सोळावे लेणे व त्यालगतचे सतरावे लेणे यांतील चित्रे पाहणारा प्रवासी नकळत हरिषेणाच्या राज्याचीच कामगिरी पाहत असतो. त्या लेण्यांची कीर्ती जगभर पसरली. ज्या नगरातून त्या काळी राज्यकारभार चालत असे, त्याचे नाव मात्र पर्यटकांच्या कानी क्वचितच पडते. काव्यमीमांसा, हिस्से बोराळ्याचा शिलालेख व अजिंठ्याचे लेख ही तीन साधने एकत्र वाचली, म्हणजे वाशिम व अजिंठा यांतील हा तुटलेला दुवा सांधता येतो.

वाशिम जिल्ह्याची पुनर्रचना १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून झाली. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. वाशिम हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानक आहे.